नाती आणि आपली तब्येत: लोक फिरून फिरून विचारतात ते प्रश्न

जवळची माणसं, मन, एकटेपणा या विषयावर तेच ते प्रश्न येत राहतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवलीत. काही दोन ओळींत संपलीत, काही चांगलीच लांबलीत. क्रमाने वाचायची काही गरज नाही.

चांगली नाती असली की तब्येत खरंच चांगली राहते का, की हे आपलं बोलायला बरं वाटतं?

खरंच राहते, आणि पुरावा आता थोडाथोडका नाहीये. १९३८ साली अमेरिकेत हार्वर्डमध्ये एक अभ्यास सुरू झाला, कॉलेजातली २६८ पोरं घेतली, आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांमधली ४५६ पोरं एका वेगळ्या अभ्यासात होती ती पुढे याला जोडली गेली, असे मिळून ७२४ जण, आणि मग आयुष्यभर त्यांच्या मागे लागले, नोकरी काय, लग्न कसं चाललंय, बीपी किती, दारू किती, सगळं विचारत राहिले. अभ्यास अजून चालू आहे, आता त्यांच्या मुलांपर्यंत आलाय. सध्या तो सांभाळणारे रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात की पन्नाशीत जे आपल्या नात्यांवर खूष होते ते ऐंशीला जास्त धडधाकट निघाले, आणि पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून म्हातारपणाचा जेवढा अंदाज बांधता येत होता त्याहून जास्त या एका गोष्टीवरून येत होता.

आता हे सगळे एका देशातले गोरे पुरुष, तेवढ्यावरून जगाबद्दल बोलू नये हे मान्य. पण २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले, मिळून तीन लाखांच्या वर माणसं, आणि ज्यांची नाती भक्कम होती त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेनेही हा विषय अंगावर घेतलाय, त्यांच्या २०२५ च्या अहवालात म्हटलंय की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा सतावतो आणि वर्षाला साधारण ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध लागतो.

पण हे उलटं नसेल कशावरून? तब्येत ठणठणीत म्हणून मित्र जास्त?

शंका अगदी रास्त आहे, आणि थोडं तसं असतंच. आजारी माणूस बाहेर कमी पडतो, चिडचिड वाढते, लोक हळूहळू यायचे बंद होतात. म्हणून मला १९७९ चा एक जुना अभ्यास महत्त्वाचा वाटतो. लिसा बर्कमन आणि लेनर्ड साइम यांनी कॅलिफोर्नियातल्या अलामिडा काउंटीतल्या जवळजवळ सात हजार लोकांचा नऊ वर्षांचा हिशोब मांडला, आणि सुरुवातीला कोणाची तब्येत कशी होती, कोण सिगरेट ओढायचं, कोण प्यायचं, कोणाचं वजन किती हे सगळं जमेला धरून पाहिलं तरी ज्यांची माणसं कमी त्यांच्यात मृत्यू जास्त. कोणाला मुद्दाम वीस वर्षं एकटं कोंडून प्रयोग करता येत नाही, त्यामुळे शंभर टक्के सिद्ध झालं असं कोणी छातीठोकपणे सांगायला लागलं तर ऐकून सोडून द्या. छोटे प्रयोग मात्र करता येतात, आणि ते झालेत.

शरीरात नेमकं होतं काय?

मला सगळ्यात आवडणारा प्रयोग सांगते. २००६ मध्ये जेम्स कोन या संशोधकाने १६ लग्न झालेल्या बायकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवलं. घोट्याला इलेक्ट्रोड लावलेला. समोर स्क्रीनवर लाल फुली आली की समजायचं, आता शॉक बसू शकतो, दर वेळी नाही पण पाचात एकदा. आणि तेवढा वेळ मेंदूत काय चाललंय ते मशीन टिपत होतं. कधी हातात काहीच नाही, कधी एका अनोळखी माणसाचा हात, कधी नवऱ्याचा. नवऱ्याचा हात धरलेला असताना मेंदूची घाबरगुंडी सगळ्यात कमी होती, अनोळखी हातानेही थोडा फरक पडला, आणि ज्यांचं लग्न जास्त सुखाचं त्यांच्यात नवऱ्याच्या हाताचा परिणाम सगळ्यात जास्त. शॉकची शक्यता तीच, घोटा तोच, फक्त हातात हात.

दुसरा प्रयोग थोडा किळसवाणा आहे. शेल्डन कोहेन यांनी १९९७ मध्ये २७६ धडधाकट माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले आणि त्यांना वेगळं ठेवून कोणाला सर्दी होते ते पाहिलं, वापरलेल्या टिश्यूंचं वजनसुद्धा केलं. ज्यांच्या आयुष्यात वेगवेगळ्या प्रकारची नाती होती, म्हणजे घरचे, मित्र, कामावरचे, शेजारी, एखादा ग्रुप, अशी सहा किंवा जास्त, त्यांना सर्दी कमी झाली, आणि ज्यांची एक ते तीनच प्रकारची होती त्यांना सर्दी व्हायचा धोका चौपटीच्या वर. गंमत म्हणजे एकूण माणसं किती यापेक्षा प्रकार किती याला महत्त्व निघालं.

तिसरा जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांचा, २००५ चा. ४२ जोडप्यांच्या हातावर बारीक फोड आणले, एकदा त्यांना एकमेकांना आधार देणाऱ्या गप्पा मारायला लावल्या आणि दुसऱ्या वेळी वादाच्या विषयावर बोलायला लावलं. वादानंतर जखम भरायला जास्त वेळ लागला, आणि जी जोडपी एकमेकांना टाकून बोलत होती त्यांच्या जखमा बाकीच्यांच्या फक्त ६० टक्के वेगाने भरल्या. म्हणजे बायको टोमणा मारते आणि नवरा उलट टोमणा मारतो आणि तिकडे कातडी भरून यायला वेळ लागतो, असं सरळसरळ.

यामागचं कारण ढोबळमानाने असं की धोका जाणवला की शरीर कॉर्टिसोल, अॅड्रेनलिन वगैरे ताणाची हार्मोन्स सोडतं, ठोके वाढतात, बीपी चढतं, आणि धोका गेला की सगळं खाली यायला हवं. आपलं माणूस जवळ असलं की ते लवकर खाली येतं. कोणी नसलं की शरीर सतत पहाऱ्यावर, आणि वर्षानुवर्षं पहारा दिला की त्याची किंमत हृदयाला, झोपेला, प्रतिकारशक्तीला मोजावी लागते.

आणि एक अगदी साधं कारण, ज्याला मशीन लागत नाही. कोणीतरी म्हणतं, "अरे तुझा खोकला महिना झाला, तू दाखवलंस का कुठे?" एकट्या माणसाचा खोकला मोजायला कोणी नसतं.

किती मित्र असायला हवेत?

रॉबिन डनबार या संशोधकाने मेंदूच्या आकारावरून काढलेला दीडशेचा आकडा तुम्ही ऐकला असेल, की माणूस साधारण १५० जणांशी ओळख टिकवू शकतो, त्यातले १५ जवळचे आणि ५ अगदी आतले. २०२१ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी तेच गणित परत करून पाहिलं आणि म्हणाले की मेंदूच्या आकारावरून असा एक आकडा काढताच येत नाही. तेव्हा मोजत बसू नका.

त्यापेक्षा हार्वर्डच्या त्या अभ्यासात विचारलेला प्रश्न चांगला आहे: मध्यरात्री आजारी पडलात किंवा घाबरलात तर कोणाला फोन कराल? नावं लिहा. काहींनी बरीच लिहिली, काहींना एकही लिहिता आलं नाही. एकदोन नावं असतील तर पाया आहे. एकही नसेल तर पाचशे कॉन्टॅक्ट काय कामाचे.

आजूबाजूला इतकी माणसं आहेत तरी एकटं वाटतं. माझंच काही चुकतंय का?

नाही, हे खूप कॉमन आहे. एकटं असणं आणि एकटं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि संशोधकही त्या वेगवेगळ्या मोजतात. घर भरलेलं असतं पण प्रत्येकाला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं, रिमोट कुठे, फी भरली का, गाडीची चावी दे, आणि दिवसभरात तुम्हाला कसं वाटतंय हे एकानेही विचारलेलं नसतं. अशा घरात माणूस कोमेजतो. उलट एखादी बाई एकटी राहते, रोज संध्याकाळी बहिणीशी बोलते, आठवड्यात दोन मैत्रिणी भेटतात, ती अजिबात एकटी नाहीये.

यातला चिवट भाग जॉन कॅसिओपो यांनी दाखवला, त्यांनी अनेक वर्षं याच विषयावर काम केलं. एकटेपणा लांबला की मन संशयी होतं. तिने निळ्या टिका येऊनही रिप्लाय दिला नाही म्हणजे ती टाळतेय, ते दोघं हसले म्हणजे माझ्यावरच. मग माणूस आधीच अंग चोरून घेतो, समोरच्याला तो तुटक वाटतो, समोरचाही लांब जातो, आणि संशय खरा ठरला असं वाटतं. त्यांनी उपाय तपासणारे वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नुसत्या भेटीगाठी वाढवण्यापेक्षा हे असे विचार पकडून दुरुस्त करायला शिकवणं जास्त कामाला आलं होतं. म्हणून "जा जरा चार लोकांत मिसळ" हा सल्ला बरेचदा फुकट जातो.

मी इंट्रोव्हर्ट आहे, मला माणसांनी दमायला होतं. हे मला लागू आहे का?

लागू आहे, फक्त डोस कमी. पार्टीला जायची सक्ती कोणी केलेली नाही. दोन माणसं, एक शांत जागा आणि तासभर गप्पा हे तुम्हाला पुरतं, आणि खरं सांगायचं तर अशा गप्पा बऱ्याचदा पार्टीतल्यापेक्षा खोल जातात.

लग्न केलं नाही तर म्हातारपणी हाल होणार का? आणि लग्न झालं असेल तर बाकी मित्रांची गरज काय?

पहिलं: लग्न म्हणजे आपोआप मिळणारं कवच नाही. सुखाच्या लग्नाचा फायदा होतो, रोज धुसफुस चालणाऱ्या लग्नाचा तोटा होतो, वर जखमांचं सांगितलंच. ज्यांनी लग्न केलं नाही पण भावंडं, मित्र, भाचरं, शेजारी यांच्यात रुजलेले आहेत त्यांची काळजी करायचं मला तरी कारण दिसत नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, विशेषतः पुरुषांसाठी. लग्न झालं की बऱ्याच पुरुषांचे मित्र गळतात आणि सगळं बोलणं, सगळा आधार, सगळ्या भेटीगाठी ठरवणं हे एका बायकोवर येऊन पडतं. ती गेली, किंवा नातं तुटलं, की मग फोनमध्ये कोणाचं नाव दाबायचं ते कळत नाही. आणि ती असतानाही एका माणसाने बायको, मैत्रीण, सल्लागार, डॉक्टर आणि जुन्या आठवणींचा भागीदार सगळंच व्हायचं म्हणजे फारच झालं. नवऱ्यांनी मित्र जपणं हे बायकोवर केलेले उपकारच समजा.

आमची भांडणं फार होतात. म्हणजे नातं वाईट आहे का?

भांडण होतं की नाही यापेक्षा कसं होतं ते बघा. जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना अक्षरशः कॅमेऱ्यासमोर बसवून भांडायला लावलं आणि अनेक वर्षं हे काम केलं. टिकणाऱ्या जोडप्यांमध्ये वाद चालू असतानाही एका कडू गोष्टीमागे साधारण पाच बऱ्या गोष्टी दिसल्या, म्हणजे मान डोलावणं, मध्येच हसणं, "हे तुझं बरोबर आहे" म्हणणं, असलं काहीतरी. आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जोडप्यांचे ६९ टक्के वाद कधी सुटतच नाहीत, तेच विषय वर्षानुवर्षं चालतात, सुखी लोकांचेही. तुमच्याकडे पसाऱ्यावरून दहा वर्षं भांडण चालू असेल तर अभिनंदन, तुम्ही नॉर्मल आहात.

काळजीची खूण आहे ती तुच्छता. डोळे फिरवणं, चारचौघांत पाणउतारा, "तुला काय कळतंय त्यातलं." आवाज चढण्यापेक्षा हे वाईट. आणि दुसरी खूण म्हणजे भांडणानंतर कोणीच पहिलं पाऊल टाकत नाही. काही घरांत सॉरी कोणी म्हणत नाही पण थोड्या वेळाने एकजण दारात येऊन उगाच विचारतो "पंखा लावू का?" आणि दुसरा म्हणतो "लाव". झालं, तहाची कलमं संपली. हे ज्या घरात होतं तिथे भांडणाने फार बिघडत नाही.

काही नाती धड चांगली नाहीत धड वाईट नाहीत. ती ठेवावीत का?

ही सगळ्यात दमवणारी जात. आज जीव लावेल, उद्या सगळ्यांसमोर तुमची खिल्ली उडवेल, अडचणीला धावून येईल आणि मग सहा महिने ऐकवेल. २००३ मध्ये होल्ट-लुनस्टॅड आणि बर्ट उचिनो वगैरेंनी लोकांना दिवसभर बीपी मोजणारं यंत्र लावून पाहिलं, तर अशा बेभरवशाच्या माणसांबरोबर असताना बीपी चक्क न आवडणाऱ्या माणसांबरोबर असतानापेक्षाही जास्त होतं. कारण समजण्यासारखं आहे, जो आवडतच नाही त्याच्याकडून अपेक्षा नसते, पण इथे आज कोणता मूड असेल ते कळत नाही म्हणून आपण सारखे सावध.

लगेच "टॉक्सिक" असा शिक्का मारून ब्लॉक करायची जी फॅशन आहे ती मला पटत नाही. काही नाती सोडता येत नाहीत, सख्खा भाऊ असतो, सासू असते. अंतर बदलून बघा. काही माणसं महिन्यातून एकदा, चार लोकांत, दोन तास अशीच छान असतात. आपली नाजूक गोष्ट मात्र त्यांच्या हातात देऊ नका.

कोणी दुःख सांगितलं की मला काय बोलावं ते सुचत नाही.

बहुतेकांना सुचत नाही आणि मग आपण सल्ला देतो, कारण सल्ला दिला की आपल्याला काहीतरी केल्यासारखं वाटतं.

"बॉस आज सगळ्यांसमोर बोलला मला."
"अगं मग सोडून दे ना नोकरी, मी तर कधीच सांगत होतो."

संपलं बोलणं. आता ती पुढचं सांगणार नाही. आणि त्याऐवजी:

"बॉस आज सगळ्यांसमोर बोलला मला."
"सगळ्यांसमोर? काय म्हणाला?"

बस, एवढंच. ती बोलत राहील, निम्मं तिचं तिलाच सुटेल. आणि ठरवता येत नसेल तर सरळ विचारा, "नुसतं ऐकू का काहीतरी सुचवू?" सुरुवातीला जरा नाटकी वाटतं पण चालतं.

आणखी एक, नाइल बोल्गर यांनी २००० साली वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा अभ्यास केला, दोघांकडून रोज लिहून घेतलं. ज्या मदतीची नोंद देणाऱ्याने केली पण घेणाऱ्याच्या लक्षातच आली नव्हती, तिचा फायदा सगळ्यात जास्त. परीक्षा जवळ आली की "मी तुझ्यासाठी किती करतोय बघ" यानेही टेन्शन वाढतं, आणि गुपचूप भांडी घासून टाकली, मुलाला बाहेर घेऊन गेलात, याने कमी होतं.

आनंदाच्या बातमीचंही तसंच आहे आणि तिकडे आपलं जास्त दुर्लक्ष होतं. शेली गेबल यांच्या कामातून दिसलं की जोडीदाराच्या चांगल्या बातमीला आपण कसा प्रतिसाद देतो त्याचा नात्याच्या गोडीशी मोठा संबंध आहे. "प्रमोशन झालं!" यावर "अरे वा" म्हणून पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालणं हे जवळजवळ न ऐकल्यासारखंच. "आता काम वाढेल बघ" हे त्याहून वाईट. "कधी कळलं? कोणी सांगितलं? आधी कोणाला फोन केलास?" असे चार प्रश्न विचारले की तो आनंद परत एकदा जगला जातो. पैसा लागत नाही, फक्त फोन खाली ठेवावा लागतो.

मोठेपणी नवीन मित्र होतच नाहीत. शाळेत कसे व्हायचे?

शाळेत तुम्ही रोज पाच-सहा तास त्याच बाकावर बसत होतात, म्हणून व्हायचे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी हिशोब काढला की ओळखीचा माणूस जुजबी मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, मित्र व्हायला ९० च्या आसपास, आणि अगदी जवळचा व्हायला २०० च्या वर, आणि नुसतं शेजारी बसून काम केल्याचे तास फारसे धरले जात नाहीत. मोठेपणी आपण दोन महिन्यांतून एकदा दोन तास भेटतो आणि म्हणतो, काही जमत नाही बुवा. कसं जमेल, २०० तास व्हायला सोळा-सतरा वर्षं लागतील.

म्हणून एकदाच भेटायच्या कार्यक्रमांपेक्षा तीच माणसं तिथेच परत परत भेटतील अशी जागा धरा: गाण्याचा क्लास, सकाळचा चालायचा ग्रुप, वाचनालय, ट्रेकिंग, स्वयंसेवी काम. पहिले काही आठवडे रटाळ जातात, नावं लक्षात राहत नाहीत, तेव्हा सोडू नका. आणि लोकांना आपण आवडलो नाही असं वाटून घरी येत असाल तर ऐका, एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलंय की पहिल्या गप्पांनंतर समोरच्याला आपण जितके आवडलो असं आपल्याला वाटतं त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त आवडलेलो असतो.

इतक्या वर्षांनी जुन्या मैत्रिणीला मेसेज करणं ऑकवर्ड नाही का वाटणार?

तुम्हाला वाटेल, तिला बहुतेक छान वाटेल. २०२४ मध्ये लारा अॅक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांनी लोकांना अशा जुन्या मित्राला मेसेज करायला सांगितलं ज्याच्याशी परत बोलावंसं वाटत होतं, नंबर होता, वेळही दिला, तरी एक तृतीयांशपेक्षाही कमी लोकांनी तो पाठवला. जुना मित्र त्यांना जवळजवळ अनोळखी माणसाइतकाच अवघड वाटत होता. यावर चाललेला उपाय म्हणजे आधी सध्याच्या मित्रांना दोनचार मेसेज करून हात मोकळा करून घेणं, मग तो अडलेला मेसेज पाठवणं.

मेसेज लांबलचक नको. "इतकी वर्षं बोललो नाही, सॉरी, खूप झालं मध्ये" अशी सुरुवात केली की तिला पण हिशोब द्यावा लागतो. "आज आपल्या त्या फिजिक्सच्या सरांसारखा एक माणूस दिसला, तशीच शिट्टी वाजवत चालला होता, तुझी आठवण आली" एवढं पुरे. रिप्लाय आला नाही तर नाही आला.

चॅटवर रोज बोलतो, ते पुरत नाही का?

काही नसण्यापेक्षा बरंच. पण आवाजात काहीतरी आहे. २०१२ मध्ये लेस्ली सेल्ट्झर आणि सहकाऱ्यांनी लहान मुलींना आधी सगळ्यांसमोर बोलायला आणि गणितं सोडवायला लावून टेन्शन दिलं आणि मग काहींना आईला भेटू दिलं, काहींना फोनवर बोलू दिलं, काहींना फक्त चॅट करू दिलं. भेट झालेल्या आणि फोनवर आवाज ऐकलेल्या मुलींचं कॉर्टिसोल खाली आलं, चॅटवाल्यांचं मात्र आईशी बोलणंच न झालेल्या मुलींइतकंच राहिलं. आई तीच, धीरही तीच देत होती.

तेव्हा चॅट गप्पांना, आणि मन जड असेल तेव्हा कॉल. लोक कॉल करायला कचरतात, "बिझी असेल" म्हणून. "दहा मिनिटं आहेत का" विचारा आणि लावा.

नेहमी मीच फोन करते. ती स्वतःहून कधीच करत नाही. किती दिवस चालवायचं?

काही माणसांना फोन करणं सुचतच नाही, पण तुमचा गेला की तासभर मनापासून बोलतात, आणि गरज पडली की धावत येतात. अशी असेल तर चालवा, तुमच्या मैत्रीत फोन लावायचं खातं तुमच्याकडे आहे असं समजा. पण बोलण्यातही सगळं तिचंच असेल, तुमच्या आईचं ऑपरेशन झालेलं तिला आठवत नसेल, तर मग एकदा स्पष्ट बोला, आणि तरी फरक पडला नाही तर फोन कमी करा. ते कमी केल्यावर जे हलकं वाटेल किंवा जी हुरहुर लागेल, त्यावरून पुढचं कळेल.

मदत मागायला फार लाज वाटते.

२००८ मध्ये फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक यांनी लोकांना अनोळखी माणसांकडे छोटी मदत मागायला पाठवलं आणि आधी विचारलं किती जणांना विचारावं लागेल. लोकांनी खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आकडा सांगितला, म्हणजे आपल्याला वाटतं त्यापेक्षा लोक सहज हो म्हणतात. आणि मदत करण्याने करणाऱ्यालाही बरं होतं: २००३ मध्ये स्टेफनी ब्राउन यांनी ४२३ वयस्कर जोडप्यांचा पाच वर्षांचा अभ्यास छापला, त्यात इतरांना आधार देणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी होते, नुसता आधार घेणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. म्हणजे तुम्ही कायम "नाही नाही, मी बघतो माझं" म्हणत राहिलात तर समोरच्याचाही तोटाच करताय.

चांगले मित्र असले की डिप्रेशन बरं होतं का?

मित्र म्हणजे औषध किंवा थेरपी नाही. झोप उडालीये, कशातच रस नाही, हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय, किंवा जगू नये असं वाटतंय तर डॉक्टरकडे जायचंच, आणि जीव द्यावासा वाटत असेल तर वाट न बघता लगेच. मित्राचं काम म्हणजे अपॉइंटमेंट घेऊन देणं, सोबत जाणं, बाहेर बाकावर बसून राहणं, आणि "पॉझिटिव्ह विचार कर" न म्हणणं.

घरात मारहाण होते, पण लोक म्हणतात नातं टिकव.

वरचं सगळं अशा नात्याला लागू नाही. मारहाण, धमक्या, पैसे अडवून ठेवणं, कोणाशी बोलू न देणं, इथे पाचास एक वगैरे गणित लावू नका. आधी सुरक्षित जागा, विश्वासाचं एक माणूस, आणि तुमच्या भागातली हेल्पलाइन किंवा पोलीस.

कामातून वेळच मिळत नाही, हे सगळं करायचं कधी?

वेगळा वेळ काढायच्या भानगडीत पडू नका, तो निघत नाही. जो वेळ आधीच जातोय त्याला माणूस जोडा. माझ्या ओळखीतल्या दोघी कामावरून घरी चालत जाताना रोज फोन लावतात, जेमतेम दहा मिनिटं, "निघालीस?" "निघाले, पाय दुखतायत" इथून सुरू होतं आणि जिन्यात रेंज जाते तेव्हा संपतं, बाय म्हणायचीही पद्धत नाही. त्यांना एकमेकींचं सगळं माहीत असतं. बाकी अनोळखी माणसांशी दोन शब्दही चालतात, निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर यांच्या शिकागोमधल्या ट्रेनवरच्या प्रयोगात शेजारच्याशी बोलायला सांगितलेल्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा चांगला गेला, आणि आधी विचारलेल्या लोकांना नेमकं उलट वाटत होतं.

कुत्रा-मांजर चालतं का?

चालतं, आणि कुत्रा असेल तर दिवसातून दोनदा बाहेर पडावं लागतं आणि इतर कुत्रेवाले भेटतात हा वर बोनस. पण खोकल्याचं तो विचारणार नाही.

मी रोज सगळ्या ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकतो, ते धरायचं का?

नाही. त्यातल्या एकाला वेगळा मेसेज करा, त्याचं नाव घालून.